आईची खोली आणि माझं लेथ

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, बाकीचं तू वाचता वाचता ठरव. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचं मीठ तोडल्यापासून त्यांचं ब्लडप्रेशर उतरलं आणि तुझं चढलं असं मागे ऐकलं होतं, आता ते दोघांत सारखं वाटलं गेलं असेल अशी आशा आहे. आईची तब्येत विचारत नाही, कारण ती तुझ्या शेजारीच बसलेली असणार आणि तू हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवत असणार. (आई, नमस्कार करतो. पाठीला उशी घे.) खरं तर ताई, हे पत्र तू आधी एकटीने वाचावंस, काय ऐकवायचं आणि काय गाळायचं ते ठरवावंस आणि मगच तिच्यासमोर उघडावंस, अशी माझी विनंती आहे. ती तू मानणार नाहीस हेही मला माहीत आहे. माझं प्रगतिपुस्तकसुद्धा तू आधी शेजारीपाजारी वाचून दाखवायचीस आणि मग घरी आणायचीस.

फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय, तर फोनवर तुझ्यापुढे माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचत नाही. मी कर्ता उच्चारला की तू ‘कळलं’ म्हणतेस आणि पुढचं तूच बोलतेस. शिवाय भाऊजींच्या टेम्पोचा ड्रायव्हर इकडे माल उतरवून परत निघाला आहे. तो आमच्या हॉलमध्ये चहा पीत बसलाय, त्याच्या हाती हे पत्र देतो म्हणजे संध्याकाळी तुला मिळेल. (तो मधूनमधून माझ्याकडे बघून हसतोय. माणूस स्वभावाने आनंदी दिसतो.) मलाही सध्या बसून सावकाश लिहायला भरपूर सवड आहे. ती का आहे, ते ओघात येईलच.

तर मुद्दा आईचा. चार दिवसांसाठी जाते म्हणून निघालेली आई आता तुझ्याकडेच राहायचं म्हणतेय, असं तू परवा फोनवर सांगितलंस, आणि मी ‘पण ताई’ म्हणेपर्यंत फोन ठेवलास. आईने तुला तिची बाजू सांगितली असेल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आई खोटं बोलत नाही, फक्त गोष्टी लागोपाठ सांगते, त्यामुळे त्या आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. मी जरा मध्ये मध्ये अंतर सोडून सांगतो.

मी वजनमापे खात्यात होतो हे तुला सांगायला नको, ‘मापाड्या’ हे नाव तूच ठेवलंस आणि ते आता माझी सूनसुद्धा पाठीमागे वापरते. आयुष्यभर मी दुसऱ्याची मापं तपासली. दुकानदाराचा तराजू, कापडवाल्याचा गज, दूधवाल्याचं लिटर, सगळे माझ्यापुढे ताठ उभे राहायचे. मापात पाप मी कधी खपवून घेतलं नाही. पण निवृत्तीच्या दिवशी निरोपाचं भाषण करताना आमचे साहेब म्हणाले की या माणसाने एवढं मोजलं, एवढं मोजलं, आणि मग त्यांना पुढे काही सुचेना. तेव्हा मला एकदम जाणवलं की मी मोजलं खूप, पण केलं काहीच नाही. माझ्या हाताने बनलेली एक वस्तू या जगात नाही. (मुलगा आहे, पण त्याचं श्रेय ही मला देत नाही.) त्याच आठवड्यात मी लेथ घ्यायचं ठरवलं. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवून त्याला हत्याराने सोलत आणायचं यंत्र. कारखान्यांत असतं, पण हौशी लोकांसाठी घरात मावेल असं लहानही मिळतं. घरात मावेल हे शब्द कंपनीच्या माहितीपत्रकातले आहेत. कोणाच्या घरात, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

भाऊजींनीच ते त्यांच्या टेम्पोतून आणलं, त्यांच्या चेनपुलीने उचललं आणि आत ठेवलं, त्यामुळे या सगळ्यात त्यांचाही थोडा हात आहे हे तू विसरू नयेस. ठेवायचं कुठे हा प्रश्न होता. हॉलमध्ये हिने उंबऱ्यावरच हात आडवा केला. आमच्या खोलीत कपाटं. मागच्या गॅलरीत कपडे धुवायचं मशीन. राहिली आईची खोली. तिथे खिडकीतून दिवसभर सारखा उजेड येतो आणि बारीक कामाला असा उजेड भाग्याने मिळतो. तो आईलाही बारीक कामालाच लागायचा, कारण तिचं शिवणाचं मशीन त्याच खिडकीपाशी होतं, पण ते काही दिवस कोपऱ्यात सरकवता येईल असं ठरलं. ठरवलं मी. आई म्हणाली, तात्पुरतं ना, मग ठेव. मग लेथच्या मागे माझं टेबल आलं, टेबलामागे कानशींचा फळा, फळ्याखाली तेलाचे डबे, आणि आईच्या पलंगावर लोखंडाचा कीस. तो किती पळतो याची तुला कल्पना नाही. आईच्या शालीत निघाला, चष्म्याच्या घरात निघाला, एकदा तिच्या औषधाच्या डबीत निघाला, तेव्हा ती म्हणाली की डॉक्टरांनी लोह घ्यायला सांगितलंच होतं. मग तिचा पलंग हॉलमध्ये आला. तात्पुरता. तुला म्हणून सांगतो, आमच्या घरात जे तात्पुरतं असतं ते भिंतींच्या आधीपासून असल्यासारखं दिसायला लागतं.

इथे माझ्या मंडळाबद्दल दोन शब्द. माझ्यासारखे घरी लेथ असलेले लोक जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ग्रुपचे प्रमुख एक निवृत्त दातांचे डॉक्टर आहेत. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तोंडात ड्रिल चालवलं, आता लोखंडात चालवतात आणि म्हणतात की लोखंड तक्रार करत नाही. फार विद्वान मंडळी. कुणी एक प्रश्न विचारला की बारा जण तेरा उत्तरं देतात आणि शेवटी प्रश्न विचारणाऱ्याचं हत्यारच चुकीचं होतं यावर एकमत होतं. रोज सकाळी फोटो येतात. कुणाचं लेथ पुसून चकचकीत केलेलं, कुणाचे पाने उंचीप्रमाणे टांगलेले, कुणी हत्यारं ठेवायला बनवलेली पेटी, कुणी त्या पेटीसाठी बनवलेला स्टँड. ही एकदा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने विचारलं की हे लोक या सगळ्यावर बनवतात काय? मी म्हटलं, हे काय, पेटी. ती म्हणाली, म्हणजे भांडी घासून ठेवलीत, ओटा पुसलाय, जेवणाचा पत्ता नाही. मी ते ग्रुपवर टाकलं नाही. काही लोक हळवे आहेत.

आता आईच्या मशीनची गोष्ट. पायाने चालवायच्या मशीनला खाली एक मोठं चाक असतं आणि ते बोटभर लांबीच्या पिनेवर फिरतं. तुला आठवत असेल, लहानपणी त्या चाकात तुझे रिबनीसकट केस अडकले होते. ते चाक हल्ली डुगडुगायला लागलं होतं, खडखड आवाज करायचं आणि मध्येच पट्टा उतरायचा. बाजारातला मशीन दुरुस्त करणारा कारागीर येऊन बघून गेला. पिन बदलायला हवी, दुकानात मिळते, पाच मिनिटांचं काम आहे, एवढं तो म्हणाला. घरात लेथ असताना मी दुकानातून पिन आणू? लोक काय म्हणतील? (लोकांना कळणारच नव्हतं, पण दातवाल्या डॉक्टरांना मी कळवलं असतं.) आपला हात जगन्नाथ. मी त्या कारागिराला चहा देऊन परत पाठवलं आणि आईला सांगितलं की तुझी पिन मी करतो. आई खुश झाली. खरंच झाली. तिने शेजारणींना सांगितलं की मुलगा मशीनचा भाग स्वतः घरी बनवतोय. शिवाय दोघीतिघींकडून पिशव्या शिवायचं कबूल करून घेतलं. मी चाक उतरवलं, पिन काढली, उरलेलं मशीन धूळ बसू नये म्हणून पोत्यात गुंडाळून ठेवलं. ते बरेच दिवस पोत्यात राहिलं.

का राहिलं, ते ज्याने लेथ चालवलंय त्यालाच कळेल, पण तुला सोपं करून सांगतो. पिन करायची तर हत्यार बरोबर उंचीवर धरायला हवं. ते धरायला जे लोखंडी बूड लागतं ते मी आधी केलं. ते करताना भोकं पाडायची होती, म्हणून ड्रिल सरळ धरायचा स्टँड केला. स्टँड डुलायला लागला, तेव्हा लक्षात आलं की खरं तर लेथच डुलतंय, कारण ते लाकडी टेबलावर आहे. मग लोखंडी अँगल आणून वेल्डिंगवाल्याकडून दणकट घोडा करून घेतला आणि लेथ त्यावर बोल्टांनी कायमचं आवळलं. मग लेथचं मूळचं हँडल माझ्या हाताला लहान वाटायला लागलं, तेव्हा चांगलं मोठं, दोन्ही हातांनी फिरवता येईल असं हँडल केलं. ताई, ते हँडल म्हणजे माझं आजवरचं सगळ्यात चोख काम. दांड्यावर असं बसलंय की ठोकून बसवावं लागलं, आणि वर आरपार खीळ मारली आहे, म्हणजे जन्मात सुटणार नाही. फोटो टाकला तेव्हा डॉक्टरांनी लिहिलं की अशी बैठक त्यांनी उभ्या आयुष्यात एकाच अक्कलदाढेची पाहिली होती. या हँडलचा उल्लेख मी उगाच करत नाहीये, ते लक्षात ठेव. या सगळ्या काळात आई रोज सकाळी येऊन विचारायची, झाली का रे? मग एक दिवसाआड विचारायला लागली. मग विचारेनाशी झाली. मला वाटलं, तिला आता कामातली गुंतागुंत समजू लागली.

शेवटी खुद्द पिन घेतली. इथे माझं खातं कामाला आलं. इतर हौशी माणूस वरवर मोजून मोकळा झाला असता. मी जुनी पिन स्वच्छ केली, मायक्रोमीटर घेतला आणि मिलिमीटरचा शंभरावा भागही सुटू न देता टोकापासून टोकापर्यंत मोजत गेलो. तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. ती पिन सगळीकडे सारखी जाड नव्हती. दोन्ही टोकांना जाड, मध्ये कमरेत बारीक, आणि एका अंगाला किंचित चपटी. मी थक्क झालो. साध्या दिसणाऱ्या पिनेत जुन्या कारागिरांनी केवढा विचार करून ठेवला होता बघ. बारीक कंबर तेल साठून राहावं म्हणून असणार, आणि चपटा भाग चाकाला श्वास घ्यायला. मी ग्रुपवर सविस्तर लेख टाकला. मंडळी भारावून गेली. एकाने लिहिलं की हे ज्ञान आपण घालवून बसलो. डॉक्टरांनी सुचवलं की त्या चपटेपणाचा कोनही मोजून ठेवावा, पुढच्या पिढ्यांना उपयोग होईल. मी मोजला.

नुसता गोल दांडा सोलणं लेथवर फार अवघड नाही, ते एका सकाळी झालं असतं. वेळ गेला तो त्या कमरेला आणि त्या चपट्या अंगाला. लेथवर जे फिरतं ते गोलच होतं, त्याला एकाच बाजूने चपटं करणं म्हणजे कानस घेऊन तासन् तास घासणं. घासायचं, मोजायचं. जरा जास्त घासलं गेलं की तुकडा फेकायचा आणि नवा घ्यायचा. अंगठ्याची कातडी गेली. पण शेवटी अशी पिन तयार झाली की जुनी आणि नवी शेजारी ठेवली तर मायक्रोमीटरलाही फरक सांगता येऊ नये. मापात पाप नव्हतं. पाप पिनेत होतं, पण ते मला अजून कळायचं होतं.

चाक बसवण्याच्या वेळी मी घरच्यांना बोलावलं, दोन शेजारणीही आल्या. आई नवी साडी नेसून आली होती. मशीन पोत्यातून काढलं, पिन घातली, चाक चढवलं, पट्टा लावला. आईने कापड सुईखाली सरकवलं, चष्मा नीट केला आणि पाय चालवला. खडखड. अगदी तोच आवाज. चाक डुगडुगलं तेही त्याच बाजूला, आणि थोड्या वेळाने पट्टा उतरला तोही पूर्वी उतरायचा तिथेच. शेजारणींपैकी एकीला घरी दूध ऊतू जात असल्याचं आठवलं. मी म्हणालो की हे कसं शक्य आहे, शंभराव्या भागापर्यंत हुबेहूब आहे. तेव्हा ही दारातून म्हणाली, “अहो, जुनी झिजली होती म्हणूनच काढली ना? मग झिजलेलीच कशाला केलीत?”

ताई, मी तीस-पस्तीस वर्षं मोजमाप केलं, पण इतकं बरोबर माप कुणी माझ्या पदरात टाकलं नव्हतं. ती कंबर कारागिराने केलेली नव्हतीच. आईच्या पायाने केली होती. तुझे फ्रॉक, माझ्या शाळेच्या चड्ड्या, तुझ्या लग्नातल्या पिशव्या, नातवंडांची दुपटी, हे सगळं शिवता शिवता चाक त्या लोखंडाला एका अंगाने खात गेलं होतं, आणि मी ते खाल्लेलं सगळं कानशीने घासून पुन्हा तसंच्या तसं उतरवलं होतं. ग्रुपवर मी एवढंच कळवलं की नक्कल यशस्वी झाली. अभिनंदनाचे बरेच अंगठे आले.

आई माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मला उत्तरं देता आली असती. ती म्हणाली की आवाज ओळखीचा आहे, आणि उठली. मी मशीन पुन्हा पोत्यात गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी दाराशी होती. मी विचारलं की एका पिनेवरून कुठे निघालीस, दुसरी करतो की. ती म्हणाली, “पिनेचं काही नाही रे. तुझं मशीन माझ्या खोलीत, माझं मशीन पोत्यात. मी कुठे बसू, तेवढं सांग.” मी हॉल म्हणालो. तिने हॉलकडे बघितलं. तिथे तिच्या पलंगावर माझ्या लेथचं खोकं होतं, तात्पुरतं. मग तिने चपला घातल्या.

हे तुला आईने सांगितलं असेल. पण त्यानंतर काय झालं ते तिला माहीत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. मी मनाशी ठरवलं की आईची खोली आईला परत द्यायची. लेथ मागच्या गॅलरीत जाईल. तिथे उजेड कमी आहे, पाऊस आत येतो, कपड्यांच्या मशीनचा साबण उडतो, पण हौसेला मोल नाही असं म्हणतात, तेव्हा हौसेने थोडं भिजायलाही हरकत नाही. कळवायला आनंद वाटतो की लेथ आईच्या खोलीतून निघालं आहे. आईचं मशीन खिडकीपाशी मूळच्या जागेवर ठेवलं आहे. खोली मी स्वतः झाडून, पुसून, लोहचुंबक फिरवून कीस वेचून काढला आहे. नवी पिनही बसली आहे, आणि मशीन इतकं अलगद चालतं की आवाज म्हणून नाही. या वेळी पिन गोल आहे. त्यावरून माझ्या प्रगतीची तुला कल्पना येईल. तेव्हा आईने आता परत यावं, यासाठी तू तिला तुझ्या पद्धतीने समजाव, म्हणजे तिला बोलू देऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार. भाचरांना आशीर्वाद. हिचा तुला नमस्कार, तो तिने पलीकडून ओरडून सांगितला आहे. लोभ आहेच, तो आईला पाठवून वाढवावास.

तुझा धाकटा भाऊ,
मापाड्या

ता. क. पलीकडून म्हणजे कुठून, असं तू विचारशील म्हणून खुलासा करतो. लेथ खोलीतून निघालं आहे हे अक्षरशः खरं आहे. ते निघालं आहे, पण पोचलेलं नाही. काल सकाळी मी आणि हिने त्या लोखंडी घोड्याखाली पाइपाचे तुकडे घालून लेथ ढकलत दारापर्यंत आणलं. फार सुरेख सरकत होतं. अर्धं बाहेर गेलं, आणि माझं ते मोठं हँडल आतल्या बाजूने चौकटीला अडकलं. मागे घ्यावं म्हणून हिसका दिला, तर पाइप निसटून हॉलमध्ये गडगडत गेले आणि घोडा जमिनीवर बसला. आता ते पुढे जात नाही, मागे येत नाही. ही हॉलमध्ये आहे आणि मी आत. हँडल काढलं तर सुटेल हे उघड आहे, पण ते का निघत नाही हे वर लिहिलंच आहे. आयुष्यात एकच गोष्ट मी पक्की बसवली आणि ती ही. कापायला करवत चालवली, ती चौकटीत फिरत नाही. तू म्हणशील, मापाड्या, दार मोजलं नव्हतंस? लेथ मोजलं होतं, घोडा मोजला होता. आत आणलं तेव्हा घोडाही नव्हता आणि हँडलही नव्हतं, त्यामुळे दार मोजायचं राहिलं. मुसळ केरात म्हणतात ते हेच. लेथवरून चढून बाहेर या असं ही म्हणते. मी प्रयत्न केला, पण वरच्या फटीचं आणि माझ्या पोटाचं माप जमलं नाही. खिडकीला गज आहेत. न्हाणीघर खोलीला लागूनच आहे म्हणून अब्रू वाचली. जेवण लेथवरून येतं. तेव्हा तुझ्या ड्रायव्हरच्या हसण्याचं कारण तुला कळलं असेल. तो म्हणतो, साहेब, हे एकट्याचं काम नाही. तर मुख्य विनंती ही की भाऊजींनी उद्या सकाळी चेनपुली आणि दोन दणकट माणसं घेऊन यावं. त्याच टेम्पोत पुढच्या सीटवर आई येऊ शकते. वेगळी फेरी नको.

ता. क. दुसरा. पिनेबद्दल. लेथ दारात, त्याची वायर भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि कोऱ्या दांड्यांची पेटी पलीकडे राहिली. त्यामुळे मला काही करता येण्यासारखं नव्हतं. आज सकाळी चहा आला तेव्हा बशीत बिस्किटाच्या जागी एक पिन होती. ही बाजारात जाऊन आली होती, म्हणाली एवढंच की चहा गार होतोय. मी ती बसवली. पाच मिनिटं लागली, त्या कारागिराने सांगितली होती तेवढीच. हे एवढं वाक्य आईला वाचून दाखवू नकोस. तिला सांग, मी केली. (आई, तू ऐकलंच असशील. बरं, मी नाही केली. बसवली मात्र मी.) डॉक्टरांना मात्र कृपा करून कुणी काही कळवू नये.

ता. क. तिसरा, हा आईसाठी, मोठ्याने वाच. आई, तू विचारलं होतंस कुठे बसू. खिडकीपाशी. तुझी खुर्ची ठेवली आहे, सुईत दोरा ओवून ठेवला आहे, शेजारणींच्या पिशव्यांचं कापड हिने लेथवरून आत दिलं आहे. मघाशी मी बिनदोऱ्याचाच थोडा वेळ पाय मारून बघितला. चाक अजिबात वाजत नाही. काम बरोबर झालंय, पण मला ते आवडलं नाही. तू नसताना घर असंच गप्प होतं आणि मला वाटत होतं की शांतता आहे. तू ये. तूर्त तुझ्या खोलीचं दार सोडून बाकी सगळं तयार आहे. आणि येताना ताईकडचा तो बिघडलेला मिक्सर आणू नकोस. ताई म्हणाली होती त्याची फक्त एक बारीक पिन गेली आहे, आणि मी ती काल रात्री पडल्या पडल्या मनात मोजायला लागलो होतो.